उमरझिऱ्याची क्रोनिका

"नाना, आखो एकदाव वाचा ना," धुरपदाबाई म्हणाली.

पितांबर नानांनी चष्मा पुसला आणि जाड रजिस्टरचं सत्तेचाळिसावं पान पुन्हा उघडलं. हे पान आपण तिला आठव्यांदा वाचून दाखवतोय की नवव्यांदा, हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. वर ये म्हटलं तरी येत नसे, आणि एकदा म्हणून झाल्यावर नानांनीही आग्रह केला नव्हता.

"'पंधरा ऑगस्ट,'" नाना वर्गात वाचायचे त्याच आवाजात वाचू लागले. "'सकाळी साडेसातच्या सुमारास वना सोमा भिल्ल, वय बावन्न, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, हा ग्रामपंचायतीच्या सांगण्यावरून अडकलेली मोटार काढण्यासाठी गावविहिरीत उतरला. झेंडावंदनाचा भोंगा चालू होता. मोटार आणि भोंगा यांची वीज एकाच पेटीतून येते. भोंगा जनरेटरवर आहे, असे वनाला सांगण्यात आले. जनरेटर आला नव्हता. पाण्यात उतरताच विजेचा धक्का बसून तो बुडाला. वना शुद्धीत होता. तो दारू पिऊन नव्हता.'"

नाना वाचत असताना धुरपदाबाईचे ओठ हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

"शेवटलं आखो," ती म्हणाली.

"'वना शुद्धीत होता. तो दारू पिऊन नव्हता.'"

"बरं शे." ती पदर सावरत उठली. "आखाजीले बठ्ठा गावसमोर वाचशात ना, नाना?"

"वाचसू ना. त्यानाकरताच लिखेल शे."

ती गेली. तिचा नवरा वना विहिरीत मेला त्याला आठ महिने झाले होते. पोलीस आले तेव्हा विहिरीभोवती जमलेल्या चार भल्या माणसांनी सांगितलं होतं की गडी पहाटेपासून प्यायलेला होता, तोल गेला. पंचनाम्यात तेच आलं. मग ते चक्कीवर आलं, नळावर आलं, किराणा दुकानात आलं. वनाचं नाव निघालं की लोक हाताचा अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवायचे आणि विषय मिटायचा. वना कधीच प्यायला नाही असं नाही. पोळ्याला, होळीला तो पीत असे. पण बावीस वर्षांत गावाचं पाणी एकदाही चुकवलं नव्हतं त्याने. धुरपदाबाईला बाकी काही नको होतं. ते शेवटचं वाक्य गावाने ऐकायला हवं होतं, एवढंच.

पितांबर हिलाल पाटील यांनी तेहतीस वर्षं उमरझिऱ्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवला. युरोपचा नकाशा फळ्यावर न बघता काढायचे, नॉर्वेच्या किनाऱ्याच्या खाचासुद्धा चुकवायचे नाहीत. स्वतः मात्र एका बाजूला बऱ्हाणपूर आणि दुसऱ्या बाजूला नाशिक, याच्या पलीकडे गेले नव्हते. मुलगी सुलक्षणा धुळ्याला शिकली, तिचं लग्न झालं, आणि जावई प्रेमराज गाड्यांचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चेक देशात नोकरीला लागला. शहरात घर परवडेना म्हणून दोघं जवळच्या एका खेड्यात राहायला गेले. ओल्शिन्का त्याचं नाव.

दुसऱ्या बापाने विचारलं असतं, जेवण जमतं का, थंडी सोसते का. नानांनी विचारलं, "समुद्रसपाटीपासून उंची किती?"

"नाना, मला काय माहीत," सुलक्षणा हसली होती.

"माहीत करून घे."

तिने करून घेतलं. चारशे एकतीस मीटर. नानांनी लगेच सांगितलं की आपलं उमरझिरे दोनशे चौदा मीटरवर आहे, म्हणजे तू आमच्या दुपटीला एक पाऊल वर राहतेस. मग दर रविवारी दुपारी फोनवर ओल्शिन्काचा एकेक धडा होऊ लागला. वस्ती एकशे सत्त्याऐंशी. घरं त्र्याहत्तर, प्रत्येकाच्या दारावर क्रमांक. ओढ्याकाठी उगवणाऱ्या एका झाडावरून गावाचं नाव पडलेलं. मधोमध तळं, त्यात मासे पाळतात आणि दर शरदात सगळं पाणी सोडून देऊन मासे काढतात. एका मठाच्या कागदात गावाचा पहिला उल्लेख, साल तेराशे एकोणऐंशी. सतराशे बेचाळीसला आग, अडतीस घरं गेली. पहिल्या महायुद्धात चर्चची घंटा उतरवून तोफांसाठी वितळवली. शाळा चौऱ्याहत्तरला बंद पडली.

"एवढुसं गाव आणि एवढं माहीत कसं?" नानांनी विचारलं.

"क्रोनिका असते ना इथं," सुलक्षणा म्हणाली. "प्रत्येक गावाने वर्षाची नोंद ठेवायची, कायदाच आहे. आमच्या गावची मिलेना लिहिते. पूर्वी टपाल वाटायची. नाना, तिने मलापण लिहिलंय त्यात."

"काय लिहिलं?"

"'यंदा एकेचाळीस क्रमांकाच्या घरात भारतातून एक कुटुंब आले. बाई दारापुढे पांढऱ्या पिठाने चित्र काढते. पाऊस येऊन गेला की पुन्हा काढते.'"

पोरीला जाऊन सहा महिने झाले नव्हते आणि ती सहाशे वर्षांच्या वहीत जाऊन बसली होती. इथे त्यांच्या अकरा पिढ्या उमरझिऱ्यात राबल्या, मेल्या, आणि एकाच्याही नावाची ओळ कुठे नव्हती. दोन हजार सहाशे वस्तीचं गाव, पण मोबाइलवर शोधलं तर दोन ओळी येतात, त्यातही तालुका चुकलेला. नानांना अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तो त्यांनी चांगला आठवडाभर बाळगला.

मग ते चोपड्याला गेले आणि तीनशे पानांचं शिवलेलं रजिस्टर घेऊन आले. पहिल्या पानावर लिहिलं, 'उमरझिरे: भूगोल व इतिहास'. नदीच्या वाळूतला झिरा, त्यावरचं उंबराचं झाड, त्यावरून गावाचं नाव. झिरा पहिल्यांदा भिल्लांनी शोधला आणि पाटलांची घरं मागाहून आली, हेही लिहिलं, कारण जुन्या माणसांच्या तोंडून तसंच ऐकलं होतं. काळी जमीन किती, मुरमाड किती. केळी कोणत्या साली आली, कापूस कधी मागे हटला. गावाला करमणूक झाली. नाना फीत घेऊन रस्ता मोजायला निघाले की पारावरची माणसं म्हणायची, "झेकोस्लोव्हाकिया चालनं." नाना थांबून सांगायचे की तो देश आता राहिला नाही, त्याचे दोन झाले. त्यावर आणखी हसू व्हायचं.

मिलेनाचा एक नियम सुलक्षणाने त्यांना सांगितला होता. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल ते आधी लिहायचं, आणि खाली सही करायची. नानांना तो फार आवडला. म्हणूनच पंधरा ऑगस्टला सकाळी ते गावविहिरीवर फीत सोडून पाण्याची पातळी मोजत होते. म्हणूनच वना उतरला तेव्हा ते तिथे होते. पंचनामा चालू असताना ते गर्दीच्या मागे उभे होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि तेही पुढे झाले नाहीत. दुपारी घरी येऊन त्यांनी सत्तेचाळिसावं पान लिहिलं, सही केली, आणि आपण मोठं काम केलं असं त्यांना मनापासून वाटलं. धुरपदाबाई पहिल्यांदा ओट्याशी आली तेव्हा तर ते पान त्यांनी तिला उभं राहून वाचून दाखवलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा दिवस उरले तेव्हा सरपंच झुलाल पाटील नानांकडे आला. पन्नाशीचा, केळीत बरं कमावलेला, आणि नानांचाच विद्यार्थी. अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचा.

"गुरुजी, तुमनं पुस्तक ग्रामपंचायत छापनार शे," तो म्हणाला. "ठराव व्हई गया. साडेपाचशे प्रती, घर तिथे एक. रंगीत कव्हर, आतमा तुमना फोटो. आखाजीले पंचायत समितीना साहेब येथीन प्रकाशनले."

नाना शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं. आपलं नाव पुस्तकाच्या कव्हरवर छापलेलं त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. पाहिलं होतं, बऱ्याचदा.

"फक्त सत्तेचाळीस नंबरनं पान," समोरचं रजिस्टर उघडून झुलाल म्हणाला.

"ते खरं शे, झुलाल."

"मी कोठे म्हनस खोटं शे?" झुलालचा आवाज चढला नाही. "पन अर्धं शे, गुरुजी."

"अर्धं कसं?"

"वना माले म्हने, भोंगा तं वाजी ऱ्हायना. मी सांगं, जनरेटरवर शे, उतर. मागला साले व्हता जनरेटर, माले वाटनं यंदाबी येल व्हई. लाईट बंद करी असती तं भोंगा बंद पडता, पाहुना येवाना टाईम व्हयेल व्हता. मनी चूक शे, मी नही म्हनत नही. पन वनानी मन्हावर इस्वास ठेवा नही. त्यानी तुमनाकडे देखं. 'गुरुजी?' आसं म्हने. तुमनं भाषण व्हतं, तुम्ही पहाटपासून स्टेजवर व्हतात. जनरेटर येल नही हाई तुमले माहीत व्हतं. आनि तुम्ही मुंडी हालाई."

ओट्यापुढून एक बैलगाडी गेली. ती लांब जाईपर्यंत झुलाल थांबला.

"मुंडी हालाई म्हनीसन तो उतरना. हाई लिखं का तुम्ही?"

नानांनी रजिस्टर मिटलं. खरं होतं ते. त्यांनी मान हलवली होती. हातात फीत होती, पातळीचा आकडा नुकताच डोक्यात धरलेला होता, आणि सणाच्या दिवशी सकाळी सरपंचाला चारचौघांत खोटं कशाला पाडायचं, असं त्यांना वाटलं होतं. फार विचार करून हलवली नव्हती. वर्गात पोरगं 'सर, पाणी पिऊन येऊ?' म्हणालं की हलते, तशी हलली होती.

"मी धमकी देत नही, गुरुजी," झुलाल उठत म्हणाला. "पन ते पान वाचं म्हनजे लोके इचारतीन, कोनी सांगं, कोन व्हतं तठे. मंग माले पुरं सांगनं पडी."

तो गेल्यावर प्रमिलाबाई कप उचलायला बाहेर आल्या. स्वयंपाकघर आणि ओटा यांच्यामध्ये एक जाळीचं दार होतं. त्याने शब्द अडत नसे.

"मुंडी हालाई व्हती का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"ती बाईले नव डाव वाचीसन दाखाडं. एक डाव तरी सांगं का?"

"लिखेल तं खरंच शे ना बठ्ठं."

"हां, बठ्ठं शे. फक्त तुम्हीच नही त्यामा." प्रमिलाबाईंनी कप ताटलीत ठेवले. "आनि आते पुस्तक पाहिजे तुमले. ते तरी सरळ सांगा."

अडतीस वर्षांच्या संसारात प्रमिलाबाईंचं असं बोलणं नानांना नवीन नव्हतं. पण या वेळी ते रागावले, आणि दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलले.

रविवारी दुपारी सुलक्षणाचा फोन आला. तिने आपणहून ओल्शिन्काची गोष्ट काढली.

"नाना, मिलेनाने काल क्रोनिकेचा जुना खंड दाखवला. जर्मनमध्ये आहे. पूर्वी गावातली बहुतेक घरं जर्मन बोलणारी होती, माहीत होतं का तुम्हाला? युद्ध संपल्यावर सगळ्यांना हाकलून दिलं. तीनशे माणसं, एकेक पेटी घेऊन. आणि त्या वर्षाची सहा पानं वहीत नाहीत. ब्लेडने कापलीत. शिवणीजवळ बोटभर कागद उरलाय, त्यावर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर दिसतं फक्त."

"कोणी कापली?"

"लिहिणाऱ्यानेच. शाळेत मास्तर होता, चेक, म्हणून तो राहिला. जाताना कोणाला मारलं, कोणाच्या घरात कोण घुसलं, सगळं त्याने लिहिलं होतं म्हणे. मग नव्या लोकांनी गाव भरलं, आणि त्याला त्यांच्यातच राहायचं होतं."

"मास्तर," नाना म्हणाले.

"हो. पण मिलेनाने त्याचं नाव आत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. म्हणाली, पान गेलं तरी कापणारा राहिला पाहिजे."

"त्याला पुढे काही झालं का? शिक्षा वगैरे?"

"शिक्षा कसली? म्हातारा होऊन मेला. जुन्या शाळेपुढच्या बागेत त्याच्या नावाचं बाकडं आहे. का हो?"

"सहज," नाना म्हणाले. "जेवलीस का?"

इतक्या महिन्यांत त्यांनी तिला पहिल्यांदाच हे विचारलं. तिकडे तर सकाळच होती. सुलक्षणा हसली, आणि फोन ठेवल्यावर नानांना हलकं वाटलं. एवढा सहाशे वर्षांचा इतिहास, एवढा कायदा, आणि तिथेही एका मास्तरने पान कापलं होतं. मिलेनाने त्याचं नाव लिहून ठेवलं, हेही त्यांनी ऐकलं होतं, पण ते मनात ठेवलं नाही.

सोमवारी ते स्वतःहून झुलालच्या मळ्यात गेले.

"पान बदलसू," ते म्हणाले. "पन दारू हाऊ शब्द त्यामा येवाव नही."

"नही येवाव," झुलाल लगेच म्हणाला. इतक्या लगेच, की नानांना आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं. परत येताना बांधावरून चालताना त्यांनी तेच मनाशी घोळवलं. पंचनाम्यात दारू आहे, पुस्तकात नाही. धुरपदाबाईला शेवटी तेवढंच तर हवं होतं. तेवढं तरी आपण मिळवून दिलं.

घरी येऊन त्यांनी फूटपट्टी लावली आणि दाढीच्या ब्लेडने पान कापलं. शिवणीजवळ बोटभर कागदसुद्धा उरू दिला नाही. नव्या पानावर लिहिलं, 'पंधरा ऑगस्ट. वना सोमा भिल्ल यांचे गावविहिरीत पडून अपघाती निधन झाले. गावाने एक प्रामाणिक सेवक गमावला.' दुसरं वाक्य त्यांना बरं वाटलं. ते पुन्हा एकदा वाचून त्यांनी खाली सही केली. जुनं पान चुलीत टाकलं, तेव्हा प्रमिलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

मधल्या दिवसांत धुरपदाबाई दोनदा आली. एकदा नाना चोपड्याला गेले आहेत असं प्रमिलाबाईंनी सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगायला नकार दिला. तेव्हा नानांना बाहेर यावं लागलं. रजिस्टर छापायला गेलंय म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माले येस आते." आणि निघून गेली. नानांनी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही.

आखाजीच्या सकाळी घरोघरी मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. पाण्याने भरलेली नवी घागर, वर लहान मडकं, त्यावर आंबा आणि सांजोरी. वर्षभरात घरातलं माणूस गेलं असेल तर ती पहिली घागर, तिला मान मोठा. भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, धुरपदाबाईने वनाची घागर भरली आणि विस्तवावर त्याच्या नावाचा घास टाकून ती ग्रामपंचायतीच्या अंगणात आली. तिच्याबरोबर भिलाटीतली सगळी एकोणीस घरं आली होती. सहसा ही माणसं ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाला मांडवाच्या बाहेर, उन्हात उभी राहायची. आज मांडवात मागच्या बाजूला बसली.

उन्हं तापायच्या आत उरकायचं होतं. साहेबांनी पुस्तकाचा कागद सोडला, टाळ्या झाल्या, नानांना शाल मिळाली. साहेब चांगलं बोलले. असं काम परदेशात होतं, इथे कोणी करत नाही, असं म्हणाले. नाना बसल्या जागी लाजले. मग झुलालने माइक त्यांच्या हातात दिला. गेल्या वर्षाचा भाग वाचायचा ठरलं होतं.

नाना वाचू लागले. जूनमधलं वादळ, केळीची पडझड, हायस्कुलाचा दहावीचा निकाल, पुलाचं काम. गावाला आपलंच ऐकायला मजा येत होती. कोणाचं नाव आलं की लोक त्याच्याकडे वळून बघत. पंधरा ऑगस्ट आला तेव्हा नानांनी आवाज बदलला नाही. "'वना सोमा भिल्ल यांचे गावविहिरीत पडून अपघाती निधन झाले. गावाने एक प्रामाणिक सेवक गमावला,'" त्यांनी वाचलं, आणि पोळ्याकडे वळले.

मागे धुरपदाबाई उभी राहिली.

तिला वाटलं असावं की नाना वयामुळे विसरले. रागावलेली अजिबात दिसत नव्हती. पाठ म्हणणाऱ्या मुलाला मधली ओळ सुचवावी तशी तिने सुरुवात केली.

"'सकाळी साडेसातच्या सुमारास वना सोमा भिल्ल, वय बावन्न...'"

आधी मांडवात कोणाला कळेना की हे काय चाललंय. या बाईच्या तोंडून अहिराणीशिवाय कधी कोणी काही ऐकलं नव्हतं, आणि आता ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलत होती, नानांच्याच स्वल्पविरामांवर थांबत. नवऱ्याचं नाव तर तिने लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. ते तिने सगळ्या गावासमोर, आडनावासकट घेतलं.

"'...हा ग्रामपंचायतीच्या सांगण्यावरून अडकलेली मोटार काढण्यासाठी गावविहिरीत उतरला. झेंडावंदनाचा भोंगा चालू होता. मोटार आणि भोंगा यांची वीज एकाच पेटीतून येते. भोंगा जनरेटरवर आहे, असे वनाला सांगण्यात आले. जनरेटर आला नव्हता. पाण्यात उतरताच विजेचा धक्का बसून तो बुडाला. वना शुद्धीत होता. तो दारू पिऊन नव्हता.'"

संपलं तरी ती उभीच राहिली. नाना आता पुढचं वाचतील म्हणून बघत.

साहेबांनी झुलालकडे पाहिलं. झुलाल खुर्चीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूणसुद्धा नव्हती.

"गुरुजी," त्याने शांतपणे विचारलं, शुद्ध मराठीत, साहेबांना कळावं म्हणून. "बाई म्हणतात तसं पुस्तकात आहे का?"

नानांच्या हातात पुस्तक उघडं होतं. पंधरा ऑगस्टचं पान, वर त्यांनीच दिलेला मथळा, खाली त्यांचंच नाव. त्यांनी धुरपदाबाईकडे पाहिलं. तिची नजर अजूनही तशीच होती, ओट्याच्या खालच्या पायरीवर असायची तशी, पूर्ण भरवशाची. त्या क्षणी नानांना वना आठवला, विहिरीच्या काठावर एक पाय आत टाकून त्यांच्याकडे बघणारा. 'गुरुजी?' म्हणणारा.

"नाही," नाना म्हणाले.

माइक चालू होता. तो शब्द सगळ्या गावाने ऐकला.

धुरपदाबाई खाली बसली. कोणीतरी पुढून म्हणालं की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, एकटी राहते. कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. नानांनी उरलेली चार पानं वाचली. काय वाचलं ते त्यांना नंतर आठवलं नाही.

मग पुस्तकं वाटली. घर तिथे एक, लेखकाच्या सहीसकट. नानांना टेबलाशी बसवलं, बाजूला साहेब. रांग लागली. ओळखीची माणसं, जुने विद्यार्थी, त्यांची पोरं. प्रत्येक जण वाकून नमस्कार करत होता. मांगीलाल किराणावाल्याने तर आपल्या नातीचं, जिनलचं नाव घालून सही मागितली. नानांचा हात दुखायला लागला, तरी ते थांबले नाहीत.

शेवटी भिलाटीची घरं आली. सगळ्यांत पुढे धुरपदाबाई. नानांनी पुस्तक उघडलं, मान खाली ठेवूनच सही केली, तारीख घातली आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं.

तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. कव्हरवर उंबराचं झाड होतं. ते तिने बघितलं, आणि मग पुस्तक पुन्हा टेबलावर ठेवलं, सरळ, कडा जुळवून.

"माले नको, नाना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाहुण्याने दुसरी भाकरी नको म्हणावं, तसं म्हणाली. "मन्हा घरमा वाचनारं कोनी नही. आनि ज्याले वाचता येस, तोबी..."

डोक्यावरचा पदर नीट करून ती मांडवाबाहेर गेली.

तिच्या मागचा माणूस टेबलापर्यंत आला होता. त्याने पुस्तकाकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि तिच्या मागे गेला. मग त्याच्या मागची बाई. मग सगळीच रांग वळली. कोणी ओरडलं नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. भिलाटीतली माणसं मांडवातून उन्हात गेली आणि घरोघरी भरून ठेवलेल्या घागरींकडे चालू लागली.

टेबलावर एकोणीस पुस्तकं उरली.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," झुलाल त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला. "शाळाले दी टाकू."

साहेब अजून शेजारीच बसले होते आणि कौतुकाने बघत होते. नानांनी वरचं पुस्तक जवळ ओढलं. त्यावर सही होती. मग त्याच्या खालचं ओढलं, उघडलं, सही केली. मग त्याच्या खालचं. उरलेल्या अठराही पुस्तकांवर त्यांनी सही केली, तारखेसकट, एकही चुकवली नाही.